दहा लिटरच्या आतला गेमिंग पीसी: आधी खोलीचं तापमान, मग ग्राफिक्स कार्ड

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या एका विद्यार्थ्याला साधारण दहा लिटरच्या आत बसणारा गेमिंग पीसी असेंबल करायचाय. सेमिस्टर पुण्यात हॉस्टेलवर, सुट्ट्या नागपूरला घरी, आणि पीसी दोन्हीकडे सोबत न्यायचा. मॉनिटर १४४०पी, म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेलचा. त्याने काढलेली यादी: इंटेल आय७-१४७००के, तीन पंख्यांचं आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड, २४० मिमी रेडिएटरचं लिक्विड कूलर, ८५० वॉटचा नेहमीच्या एटीएक्स मापाचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि "नऊ-दहा लिटरचं कुठलंही चांगलं कॅबिनेट".

ही यादी मोठ्या टॉवरमध्ये झकास चालेल. नऊ लिटरमध्ये मात्र एटीएक्स एसएमपीएस बसणार नाही, बहुतेक कॅबिनेटांत तो रेडिएटरही बसणार नाही, आणि तीन पंख्यांची बरीचशी ५०७० टीआय कार्डं लांबीत किंवा जाडीत अडतील. प्रोसेसर बसेल, पण त्याची उष्णता बाहेर काढायला जागा उरणार नाही. आता थेट त्या विद्यार्थ्यालाच सांगतो. तुमची चूक एवढीच, की यादी वरून खाली केलीत: आधी सगळ्यात ताकदीचे पार्ट, शेवटी कॅबिनेट. छोट्या पीसीत हा क्रम उलटा असतो. आधी खोली, मग कॅबिनेट, मग वॉट, आणि त्यात जे बसेल ते कार्ड आणि तो प्रोसेसर.

दहा लिटर म्हणजे किती हे आधी डोळ्यांसमोर आणा. किराणा दुकानातला पंधरा लिटर तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. तुमचा सगळा पीसी त्याच्या दोन-तृतीयांशात बसवायचाय. नेहमीचा मिड टॉवर चाळीस लिटरच्या पुढेच असतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स सात लिटरच्या जवळपास आहे, पण त्यातला प्रत्येक भाग त्या एकाच खोक्यासाठी घडवलेला असतो. आपण मात्र सात-आठ वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे पार्ट एका खोक्यात बसवणार असतो.

आता खोली. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघताना त्यांच्या खोलीचं तापमान किती आहे ते बघत चला. बहुतेकदा ते २१ ते २५ अंश असतं. कूलर प्रोसेसरला ठरावीक तापमानावर आणून ठेवत नाही, तो फक्त आजूबाजूच्या हवेपेक्षा अमुक अंश वर ठेवू शकतो. वॉट तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली जितक्या अंशांनी तापेल साधारण तितक्याच अंशांनी आतला पार्टही तापतो. रिव्ह्यूत २२ अंशांच्या खोलीत कार्ड ७२ वर दिसलं, तर मे महिन्यात ३७ अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८७ कडे निघालेलं असतं. तिथे पोचण्याआधीच ते स्वतःचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, उतरवतं आणि पंखे किंचाळायला लागतात. नागपुरात बाहेर ४५ असताना खोलीत ३७ असेल तर ती खोली बरी म्हणायची. शिवाय बंद खोलीत ३०० वॉटचा पीसी तीन तास चालला, की तो स्वतःच खोली तापवतो. म्हणून आपल्याकडे छोटा पीसी मेमधल्या दुपारच्या हिशेबाने घ्यावा. डिसेंबरमध्ये तो आपोआप शांत चालतो.

घरी डेझर्ट कूलर असेल तर एक सांगून ठेवतो. पीसी त्याच्या झोतासमोर ठेवू नका. विदर्भातून दुरुस्तीला आलेल्या दोन मशीन मी उघडल्या, तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या पट्ट्यांवर पांढरट पापुद्रा होता, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. तुषार उडतात, वाळतात, क्षार तिथेच राहतात. खोली गार होऊ द्या, पण पीसी झोताच्या आड, कोपऱ्यात असू द्या.

आता कॅबिनेट. दहा लिटरच्या आसपास बहुतेक कॅबिनेटांची रचना सँडविचसारखी असते: मधे एक पत्रा, त्याच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. डॅन ए४ हे ७.२ लिटरचं कॅबिनेट या रचनेचं गाजलेलं उदाहरण. त्यात सीपीयू कूलरला ४८ मिमी उंची मिळते. लियान लीचं ए४-एच२ओ ११ लिटरचं. त्यात २४० मिमी रेडिएटर बसावा म्हणूनच ते तसं आखलंय. फ्रॅक्टल टेरा १०.४ लिटरचं. तुमच्यासाठी मी टेरा सुचवेन. वरच्या चारशे मिलिलिटरसाठी अडून बसू नका.

कारण टेरातला मधला पत्रा सरकवता येतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १२० मिमी जागा आहे. कार्डाला जास्तीत जास्त म्हणजे ७२ मिमी दिलेत, तर कूलरला ४८ उरतात. कार्ड ४३ मिमीचं घेतलंत, तर कूलर ७७ पर्यंत चढवता येतो. तुमच्या सगळ्या खरेदीचा निकाल या एका वजाबाकीत लागतो. तीन स्लॉटचं जाडजूड कार्ड घेणारा आपल्या प्रोसेसरच्या तोंडचं वारं काढून घेतो. ५० मिमीचं कार्ड घेतलं की कूलरसाठी ७० मिमी मोकळे होतात, आणि ४८ व ७० मिमीच्या कूलरमधला फरक कानाला ऐकू येतो.

कुठलंही कॅबिनेट घेण्याआधी चार आकडे वहीत लिहा: कार्डाची लांबी, कार्डाची उंची, कार्डाची जाडी आणि कूलरची उंची. लांबी सगळेच बघतात, पण घोळ उंचीत होतो. कंपनीच्या पानावर कार्डाची उंची १२० मिमी लिहिलेली असते, पण वीज देणारी केबल वरच्या कडेतून निघते आणि तिला वळायला आणखी जागा लागते. नव्या १२ व्होल्ट १६ पिनच्या कनेक्टरजवळ केबल लगेच दुमडू नये. ३५ मिमी तरी सरळ ठेवून मग वळवायची, असा नियम पाळतात. एनव्हिडियाने २०२४ मध्ये छोट्या कॅबिनेटांसाठी 'एसएफएफ रेडी' हा निकष काढला. त्यात कार्ड ३०४ मिमी लांब, १५१ मिमी उंच आणि ५० मिमी जाड या मापांत बसायला हवं, आणि त्या १५१ मध्ये केबलचं वळण धरलेलं आहे. पानावर ही खूण दिसली तर अर्धं काम सोपं झालं. तरीही आपल्या कॅबिनेटच्या मापांशी ताडून बघाच.

माझी एक सवय सांगतो. कार्ड मागवण्याआधी जुन्या कुरिअरच्या पुठ्ठ्यातून त्याच्या मापाचा ठोकळा कापतो, लांबी-रुंदी-जाडी अचूक. कनेक्टरच्या जागी सुतळीचा जाड तुकडा चिकटवतो आणि तो ठोकळा रिकाम्या कॅबिनेटमध्ये सरकवून बघतो. कार्ड बसलं तरी ते तिरकं आत घालायला वाट आहे का, हे पुठ्ठाच सांगतो. गेल्या वर्षी एका बिल्डमध्ये कार्ड मापात बसत होतं, पण समोरच्या यूएसबी पोर्टची केबल नेमकी त्याच्या टोकाशी येत होती. पंधरा मिनिटांच्या कापाकापीने पंचावन्न हजारांचं कार्ड परत पाठवायची वेळ टळली.

प्रोसेसरच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: १४७००के या खोक्यासाठी नाही. पूर्ण भारावर तो २५३ वॉटपर्यंत जातो. त्याला लगाम घालता येतो, पण लगाम घालायचा तर महागडा घोडा कशाला? एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरची मर्यादा मुळातच ८८ वॉट आहे. सहा कोर १४४०पी गेमिंगला पुरतात, कारण या रिझोल्यूशनवर बहुतेक गेममध्ये भार कार्डावर असतो. पैसे उरत असतील आणि व्हॅलोरंट, सीएस २ किंवा फ्लाइट सिम्युलेटरसारखं काही खेळत असाल, तर रायझन ७ ७८००एक्स३डी घ्या. कागदावर तो १२० वॉटचा आहे, पण गेम खेळताना बहुधा त्याच्या बराच खाली राहतो. त्यातली ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) गेमना चांगलीच उपयोगी पडते.

रायझनचं तापमान बघून घाबरू नका. या पिढीत कोर असलेली चिप जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. सगळी उष्णता तेवढ्याशा जागेतून बाहेर पडते, म्हणून ८८ वॉटवरही आकडा पटकन ऐंशीवर जातो. ७६०० ला ९५ अंशांपर्यंत आणि ७८००एक्स३डीला ८९ पर्यंत मुभा आहे. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवणारा पर्याय, उणे १५ पासून सुरू करा, दोन दिवस वापरून बघा, स्थिर राहिलं तर उणे २० करा. फुकटात पाच-सात अंश कमी होतात.

प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्स असलेलाच घ्या, ७६०० मध्ये ते आहे. नावाच्या शेवटी 'एफ' असलेले प्रोसेसर थोडे स्वस्त मिळतात, पण त्यांत ती सोय नसते. रायझर केबल रुसली आणि स्क्रीन काळी पडली, तर मदरबोर्डच्या एचडीएमआयवर मॉनिटर लावून पुढचा शोध घेता येतो. हॉस्टेलवर दुसरं कार्ड कुणाकडे मागणार?

कूलरसाठी ७० मिमी मिळाले की नॉक्टुआचा एनएच-एल१२एस बसतो, त्याची उंची नेमकी ७०. बजेट कमी असेल तर थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स५३ हा ५३ मिमीचा कूलर ७६०० ला व्यवस्थित सांभाळतो. कूलरचा पंखा आणि बाजूची जाळी यांत दहा-पंधरा मिमीची फट राहिली, तर पंखा बाहेरची हवा ओढण्याऐवजी आतलीच गरम हवा पुन्हा ओढतो. यावर उपाय साधा आहे. दाराच्या फटीला लावायची काळ्या फोमची चिकटपट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती पंख्याच्या कडेने गोल लावायची, झाकण बंद केलं की फोम जाळीला टेकला पाहिजे. माझ्या टेबलावर या पट्टीने चार ते सहा अंशांचा फरक बऱ्याचदा दिसलाय.

लिक्विड कूलर तुमच्यासाठी नको. ए४-एच२ओसारख्या कॅबिनेटमध्ये तो छान चालतो, मी स्वतः बसवलेत. पण तुमचा पीसी वर्षातून चार वेळा नागपूर-पुणे करणार. पंप, नळ्या, रेडिएटर यांपैकी काहीही बिघडलं, तर सगळं खोलून नवा संच लावावा लागतो. एअर कूलरचा पंखा गेला, तर दुसरा पंखा दहा मिनिटांत लागतो.

आता ग्राफिक्स कार्ड. ५०७० टीआय ३०० वॉटचं आहे. दहा लिटरमध्ये ते चालवणारे आहेत, पण ते एसीच्या खोलीत बसतात. तुमच्यासाठी तीन पर्याय. आरटीएक्स ५०७०: २५० वॉट, १२ जीबी मेमरी. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी: १८० वॉट. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी: १६० वॉट. १४४०पी साठी ८ जीबीच्या आवृत्त्यांकडे बघूसुद्धा नका, आजच त्या अपुऱ्या पडतायत.

मी ५०७० घेईन आणि पहिल्याच दिवशी एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणेन, म्हणजे सुमारे २०० वॉट. फ्रेममध्ये फरक पाच टक्क्यांच्या आसपास पडतो, खेळताना जाणवत नाही. ५० वॉट कमी झाल्याचं मात्र आवाजावरून लगेच कळतं. कार्डाचा शेवटचा थोडासा वेगच त्यामानाने सगळ्यात जास्त वीज खातो. पुढे अंडरव्होल्ट (तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवणं) शिकलात तर आणखी उत्तम, पण सुरुवातीला पॉवर लिमिट पुरे. पैसे कमी पडत असतील तर ९०६० एक्सटी १६ जीबी बिनधास्त घ्या. छोट्या खोक्यात १६० वॉट म्हणजे सुख आहे.

५०६० टीआयबद्दल एक बारीक गोष्ट. हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, १६ ऐवजी ८ लेनच वापरतं. पाचव्या किंवा चौथ्या पिढीच्या वेगाला त्याने काही बिघडत नाही. पण कॅबिनेटची रायझर तिसऱ्या पिढीची असेल, तर ८ लेन आणि जुना वेग असा दुहेरी फटका बसतो.

रायझरचा विषय निघालाच आहे, तर माझ्याकडची एक घटना. एक बिल्ड दिला, आठवड्याने परत आला. तक्रार: गेम वीस-पंचवीस मिनिटं चालतो, मग स्क्रीन काळी, पंखे पूर्ण वेगात. कार्ड दुसऱ्या मशीनवर तीन तास चालवलं, निर्दोष. एसएमपीएस बदलला, तेच. रॅम बदलली, तेच. तीन दिवस गेले. शेवटी रायझर उलटी करून बघितली. तिच्या टोकाला बारीक अक्षरांत तिसऱ्या पिढीचा शिक्का होता, आणि बायोसमध्ये वेग 'ऑटो'वर असल्याने बोर्ड चौथ्या पिढीचा वेग लावत होता. डेस्कटॉपवर सगळं ठीक दिसायचं, भार आला आणि केबल तापली की सिग्नल तुटायचा. बायोसमध्ये जनरेशन ३ निवडलं आणि मशीन तेव्हापासून व्यवस्थित चालू आहे. तेव्हापासून मी रायझर आधी तपासतो, मग बाकीचं. तुम्हीही बायोसमधला हा पर्याय कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

एसएमपीएस एसएफएक्स मापाचा हवा: १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच, १०० मिमी खोल. एसएफएक्स-एल त्याहून ३० मिमी खोल असतो आणि केबलची जागा खातो, म्हणून शक्यतो टाळा. हिशेब साधा आहे: कार्ड २५०, प्रोसेसर ८८, बाकी सगळं मिळून ४०-५०. चारशेच्या आत. ६५० वॉटचा गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा), पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबल सुट्या होणारा, युनिट पुरतो, आणि पुढे कार्ड बदलायची इच्छा असेल तर ७५०. कार्डाची केबल एसएमपीएससोबत आलेलीच वापरा. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर केबलची पिनरचना वेगळी असू शकते आणि त्यात बोर्ड जळतात.

इथे जरा थांबतो, कारण हा विषय हॉस्टेलवाल्यांना सांगणं मला गरजेचं वाटतं. छोटी कॅबिनेटं बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असतात. एका मुलाने फोन केला, "दादा, पीसीला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात." जाऊन मल्टिमीटर लावला: कॅबिनेट आणि खऱ्या अर्थिंगमध्ये ११० व्होल्टच्या आसपास. पीसीत दोष नव्हता. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या अंगाकडे दोन लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर अंगावर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण झिणझिण्या येतात, आणि अशा अवस्थेत एचडीएमआय केबल लावताना-काढताना पोर्ट जाऊ शकतो. त्याच्या खोलीतल्या बोर्डात तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नव्हती. वॉर्डनला सांगून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. दोन पिनचं अ‍ॅडॉप्टर लावून काम भागवू नका. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर पीसी त्यावर चालवू नका. साइन वेव्हवर चालेल.

बाकीचं भरभर. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिमी, बी६५० चिपसेटचा. त्याहून महाग बोर्डाने गेमिंगमध्ये काही वाढत नाही. रॅमचे दोनच स्लॉट असतात, त्यामुळे आज १६ जीबीची एक आणि उद्या दुसरी असं करू नका, १६-१६ ची जोडी एकदमच घ्या, डीडीआर५ ६०००. लाइटवाल्या उंच काड्या नकोत, साध्या ३३ मिमीच्या आसपासच्या घ्या. एसएसडी एकच २ टीबीचा, बोर्डाच्या पुढच्या स्लॉटमध्ये. बोर्डाच्या पाठीवरचा स्लॉट सँडविच रचनेत मधल्या पत्र्याला चिकटून येतो, तिथे हवाच लागत नाही.

जोडणी करताना कूलर, रॅम, एसएसडी हे सगळं बोर्ड टेबलावर असतानाच लावा. प्रोसेसरची आठ पिनची केबल बोर्ड आत बसवण्याआधी ओवून घ्या, नंतर तिथे बोट जात नाही.

प्रवासाचं. ५०७० हे कार्ड कॅबिनेटला मुख्यतः मागच्या दोन स्क्रूंवर टेकलेलं असतं, दुसरं टोक अधांतरी. रेल्वेच्या रात्रभरच्या थरथरीत तो ताण रायझरच्या स्लॉटवर येतो. कार्ड आणि पत्रा यांच्यात घट्ट फोमचा तुकडा बसवून न्या आणि पोचल्यावर आधी तो काढा. बॅग बर्थखाली सरकवू नका, उशाशी घ्या. पावसाळ्यात एसी डब्यातून उतरून थेट हॉस्टेल गाठलंत, तर पीसी तासभर तसाच ठेवून मग चालू करा. गार धातूवर दमट हवेतलं पाणी जमतं, थंड बाटलीवर जमतं तसंच.

मशीन तयार झाली की पहिल्या संध्याकाळी दोन चाचण्या घ्या. तुमचा नेहमीचा गेम अर्धा तास, बाजूची झाकणं काढून. मग तोच गेम अर्धा तास, झाकणं लावून. दोन्ही वेळचं कार्डाचं, प्रोसेसरचं आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. झाकण लावल्यावर आठ-दहा अंशांपेक्षा जास्त वाढ दिसली, तर हवा आतल्या आत फिरतेय: फोमपट्टी तपासा, केबल पंख्याच्या तोंडाशी आलीय का बघा. ते आकडे जपून ठेवा. मे महिन्यात नागपूरला गेलात की खोलीतल्या थर्मामीटरचा फरक त्यात मिळवा आणि पॉवर लिमिट ८० वरच ठेवायचं की, कार्ड उतरू देत असेल तर, आणखी खाली न्यायचं, ते त्यावरून ठरवा.